सावित्रीमाईंच्या लेकी आणि बाळंतपणाची रजा

दरवर्षी ३ जानेवारीला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून भाषणे करतात. शेणाचे गोळे, दगडधोंडे आणि पिशवीतले जादा लुगडे यांची गोष्ट सांगितली जाते, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो. सावित्रीमाईंना वंदन करण्यात आम्हीही मागे नाही. पण या वंदनाच्या गर्दीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या आद्य शिक्षिकेच्या ज्या लेकी आज शाळांमधून शिकवतात, त्यांच्यापैकी एखादी बाळंत होऊन कामावर परत येते तेव्हा तिच्या वाट्याला काय येते?

रजेचा अर्ज पुढे केला की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतात. संस्थाचालकाला नेमके आताच हे कशाला, असे वाटते. बाई कंत्राटी असेल तर तिची नेमणूक पुढच्या वर्षी गुपचूप दुसरीला दिली जाते. कायम असेल तर परत आल्यावर सहा महिने घरी आराम केल्याचा टोमणा ऐकावा लागतो. बाळ घरी कोणाजवळ ठेवले, दूध कुठे पाजणार, रात्रभर जागून सकाळची एसटी कशी गाठली, हे कोणी विचारत नाही. ही वागणूक आणि सावित्रीमाईंचे चरित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण हे चरित्र आपण फळा-खडूपुरतेच वाचतो. बाळंतपण, मूल आणि कामावरची बाई हा धागा त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, तिकडे आपले लक्षच जात नाही.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाले. जोतीराव वर्षाचे होत नाहीत तोच त्यांची आई चिमणाबाई वारली होती. त्यांना वाढवले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळायचे काम करीत. दिवसभर दुसऱ्याची लेकरे सांभाळून पोट भरायचे आणि आईविना पोर झालेल्या जोतीबालाही आईची माया द्यायची, असा त्यांचा दिनक्रम होता. सगळे त्यांना आऊ म्हणत. पुढे फुले दांपत्याच्या शिक्षणकार्यात हीच आऊ पाठीशी उभी राहिली. म्हणजे ज्या घरातून भारतीय स्त्रीच्या शिक्षणाची पहाट झाली, ते घरच मुळी एका कष्टकरी बाईच्या मूल सांभाळण्याच्या कामावर उभे होते. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याला मोल आहे, हे फुल्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जोतीरावांनी सावित्रीमाईंना शिकवले. पुढे पुणे आणि अहमदनगर येथे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८५१-५२ पर्यंत पुण्यात त्यांच्या मुलींच्या तीन शाळा उभ्या राहिल्या, शूद्रातिशूद्रांसाठीही शाळा निघाल्या. सनातनी पुण्याने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. १८४९ साली समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. सावित्रीमाई शाळेत जाताना अंगावर चिखल-शेण झेलत गेल्या आणि शाळेत जाऊन लुगडे बदलून शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांना ना सेवापुस्तक होते, ना वेतनश्रेणी, ना रजेचा नियम. अशा शाळेतून १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा निबंध बाहेर पडला आणि ज्ञानोदयात छापला गेला. महार-मांगांच्या दुःखाचा, त्यातही बाळंत होणाऱ्या बायांच्या हालांचा जाब तिने त्यात विचारला आहे. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बाईचे दुःख या मुलीने ओळखले होते. शिक्षिकेने विद्यार्थिनीला काय शिकवले याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आता सावित्रीमाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग पाहू. तो भाषणांतून फारसा येत नाही. १८५६ साली त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावला गेल्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. तब्येत सुधारते आहे, भावाने सेवा केली, बरे वाटताच पुण्याला येते, असे त्या कळवतात. आपल्या गैरहजेरीत फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी खात्रीही त्या व्यक्त करतात. याच पत्रात भावाशी झालेला वादही आहे. महार-मांगांना शिकवण्याचे काम सोडा म्हणणाऱ्या भावाला त्यांनी आजारपणातही ठणकावून उत्तर दिले.

हे पत्र म्हणजे आमच्या मते रजेवर असलेल्या एका शिक्षिकेचे पत्र आहे. तिला कामाची ओढ आहे, परत जायचे आहे. नवरा रजेवरच्या बायकोला लवकर ये म्हणून धारेवर धरत नाही. आणि शाळेत तिच्या जागी एक सहकारी उभी आहे. रजा ही रजेवर गेलेल्या बाईची एकटीची गोष्ट नसते. तिच्या मागे काम कोण करणार, हा तिचा दुसरा अर्धा भाग असतो. सावित्रीमाईंच्या मागे फातिमा होत्या. त्यांच्यावर पडलेल्या ओझ्याची जाणीव सावित्रीमाईंना अंथरुणावरही होती. आज जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की उरलेल्या एकावर चार वर्ग पडतात. शासन बदली शिक्षक देत नाही. मग त्या एकाच्या मनात राग साठतो आणि तो शासनावर निघायचा सोडून परत आलेल्या बाईवर निघतो. कामगाराला कामगाराच्या विरोधात उभे करण्याची ही जुनी युक्ती आहे. सावित्रीमाई आणि फातिमा यांच्यात ते होऊ शकले नाही, कारण दोघींनाही शाळा आपली वाटत होती.

१८६३ साली पुण्यात एक भयंकर घटना घडली. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवले. तिला दिवस गेले आणि तो नामानिराळा झाला. लोकलज्जेला भिऊन तिने जन्मलेल्या मुलाला मारून विहिरीत टाकले. तिच्यावर खटला झाला आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप भोगायला अंदमानात पाठवले गेले. शास्त्र्याला कोणी काही विचारले नाही. ही काशीबाईही कष्ट करून खाणारी, दुसऱ्याच्या घरी कामावर असलेली बाई होती, हे आपण विसरतो. दिवस गेले म्हणजे काम गेले, घर गेले आणि शेवटी मूलही गेले, असे तिचे झाले.

फुले दांपत्याने याच वर्षी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रके लावली. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते त्यांनी ठरवावे, असा त्यांचा आशय होता. ज्या पेठांतून सावित्रीमाईंवर शेण फेकले गेले, त्याच पेठांतल्या लेकींची बाळंतपणे त्यांच्या घरी झाली. पुढे १८८४ साली जोतीरावांनी सरकारला दिलेल्या टिपणात नोंद केली, की तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या. त्यांची बहुतेक मुले मात्र जगली नाहीत. गर्भ पाडण्यासाठी आधीच दिलेल्या विषारी औषधांनी पोटातच त्यांचा घात झाला होता. धर्माच्या नावाने चाललेली ही हिंसा फुल्यांनी आकड्यानिशी सरकारपुढे मांडली.

बाळंतपण ही बाईची खासगी लाज नाही, समाजाची जबाबदारी आहे, हा विचार या देशात एका शिक्षिकेच्या घरातून पुढे आला. तोही शास्त्री-पंडितांच्या किंवा सरकारच्या मदतीची वाट न पाहता, स्वतःच्या पदराला खार लावून.

सावित्रीमाईंना स्वतःचे मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून नातेवाइकांनी तगादा लावला होता, असे चरित्रकार नोंदवतात. जोतीरावांनी तो साफ झिडकारला. मूल होत नाही याचा दोष बाईच्याच माथी का मारायचा, असा त्यांचा रोख होता. १८७४ साली गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. तो सावित्रीमाईंनी पोटच्या पोरासारखा वाढवला, दत्तक घेतला. तोच यशवंत. त्या वेळी सावित्रीमाई ४३ वर्षांच्या होत्या.

मूल आले म्हणून त्यांचे काम थांबले का? १८७६-७७ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळत असताना त्या सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यात होत्या. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे पत्र जुन्नरकडच्या ओतूरहून लिहिलेले आहे. दुष्काळग्रस्तांचे हाल आणि सत्यशोधकांचे काम त्यात त्यांनी जोतीरावांना कळवले आहे. यशवंत तेव्हा तीनेक वर्षांचा होता. लहान मूल असलेली बाई सार्वजनिक कामाला निरुपयोगी होते, असे फुल्यांच्या घरात कोणी मानले नाही. जोतीराव सभेत समतेवर बोलत आणि तीच समता घरात पाळत. हा मुद्दा आमच्या चळवळीतल्या पुरुषांनीही जरा थांबून वाचावा.

१८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला वारस केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाला टिटवे धरण्याचा अधिकार नाही म्हणून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीमाई स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनी पतीला अग्नी दिला. पुढे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने फणफणला होता. ६६ वर्षांच्या सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीमाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. दुसऱ्याचे लेकरू पाठीवर घेऊन त्या गेल्या.

फुल्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी हाच विचार कायद्यात आणला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे आणि तोवर मालकाने तो टाळता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. चार लेकरांचे मरण पाहिलेल्या रमाईंच्या घरातून हे बाबासाहेब विधिमंडळात गेले होते. राजरत्नला जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यातील त्रुटी दूर करणारे विधेयक त्यांनी मांडले. आणि आपल्या संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदाने तर कामाची न्याय्य परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्याचे कर्तव्यच राज्यावर टाकले. तेव्हा बाळंतपणाची रजा ही कोणा मुख्याध्यापकाची मेहेरबानी नाही, ती संविधानाने दिलेली दिशा आहे.

मग आज काय स्थिती आहे? कागदावर पाहिले तर बरीच चांगली. राज्य शासनाच्या सेवेतल्या शिक्षिकेला १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळाली. त्या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजण्यासाठी सुट्टी आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर बंधनकारक आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-चार शिक्षक असतात, तेथे हे ५० कुठून आणायचे? जेथे मुलींना धड स्वच्छतागृह नाही तेथे हिरकणी कक्ष कोण बांधणार? पंधरा मैलांवर असलेल्या बाळाकडे मधल्या सुट्टीत दूध पाजायला कशी जाणार ती आई?

खरी गोम पुढेच आहे. हे सगळे कायम नोकरी असलेलीसाठी. गेल्या २५ वर्षांत शासनाने आणि संस्थाचालकांनी मिळून कायम नोकरीच संपवत आणली. २००० साली शिक्षणसेवक आले, तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर. त्यानंतर कंत्राटी आले, तासिका तत्त्वावरचे आले. तासिकेवरच्या बाईने तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. तिच्या दृष्टीने बाळंतपण म्हणजे बिनपगारी बेकारी. आणि या कंत्राटी, तासिकेच्या जागांवर कोण आहे ते पाहा. आपल्याच वस्त्यांतल्या, घराण्यात पहिल्यांदा डी.एड., बी.एड. झालेल्या लेकी तेथे मोठ्या संख्येने आहेत. आईने मोलमजुरी करून शिकवलेली लेक शिक्षिका झाली, आणि पहिले मूल झाले म्हणून ती पुन्हा घरी बसली, तर सावित्रीमाईंनी झेललेले शेण वाया गेले असेच म्हणावे लागेल.

न्यायालयांनी आपले काम केले आहे. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांनाही प्रसूती लाभ दिला पाहिजे, असा निकाल दिला. २०२३ साली कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूती लाभ तुटत नाही, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. २०२५ साली तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेला तिसऱ्या अपत्याच्या कारणावरून रजा नाकारली गेली होती. तेव्हा प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. पण दर शिक्षिकेने बाळ कडेवर घेऊन दिल्लीची वाट धरावी काय? निकाल लागतात आणि फायलीत राहतात, कारण गावपातळीवर ते बजावून घेणारी संघटना नसते.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. फुले, शाहू, आंबेडकर यांच्या नावाने चालणाऱ्या काही शिक्षणसंस्थांतही हेच चालते. मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेला मूल कधी होणार याचा आडून अंदाज घेतला जातो. नाव महापुरुषांचे आणि व्यवहार मनूचा, हे ढोंग आपण किती दिवस झाकणार?

बापाचे काय, हाही प्रश्न आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा आहे ती १५ दिवसांची. ब्रिटनमध्ये २०१५ पासून आई-बापाला रजा आपसात वाटून घेता येते आणि तेथल्या शिक्षकांनाही तो हक्क आहे. आपल्याकडे मूल आईचे आणि आडनाव बापाचे, असा कारभार. जोपर्यंत मूल सांभाळणे हे केवळ बाईचे काम मानले जाईल, तोपर्यंत प्रत्येक संस्थाचालक बाईला नेमताना हात आखडताच घेणार. रजा बापालाही मिळू लागली की बाईला नाकारण्याचे निमित्तच उरणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिक्षिका प्रसूती रजेवर गेली की त्याच दिवसापासून शासनाने बदली शिक्षक द्यावा. कंत्राटी, मानधनी आणि तासिकेवरच्या प्रत्येक शिक्षिकेला पगारी प्रसूती रजा आणि त्याच जागी परत येण्याची लेखी हमी मिळावी. ५० ची अट शाळांपुरती काढून केंद्रशाळेच्या पातळीवर पाळणाघर व हिरकणी कक्ष व्हावा. तान्हे मूल असलेल्या शिक्षिकेला निवडणूक आणि जनगणनेच्या कामातून वगळावे. पितृत्व रजा शिक्षकांनाही द्यावी. आणि हे होईपर्यंत फुले-आंबेडकरी विचारांच्या शिक्षक संघटनांनी आणि संस्थांनी तरी आपल्यापासून सुरुवात करावी. परत आलेल्या बाईचे तास आठवडाभर वाटून घ्यायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नसते. फातिमांनी तो मागितला नव्हता.

सत्तेचा हुकूम नसताना फुल्यांनी आपल्या घराचे दार गर्भवती विधवांना उघडून दिले. आपल्या हाती तर संविधान आहे, कायदा आहे, न्यायालयांचे निकाल आहेत. तरीही आपली एखादी लेक बाळंतपणामुळे शाळेबाहेर पडत असेल, तर त्याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे. येत्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या किती शिक्षिका रजेवरून परत येणार आहेत याची यादी संघटनांनी काढावी आणि त्यांतली एकही गळणार नाही हे पाहावे.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!